मूल आई-वडिलांवर हात उचलते तेव्हा : समुपदेशक, शिक्षक, डॉक्टर आणि पोलिसांसाठी कार्यपद्धती

शाळेच्या समुपदेशकाकडे आलेली आई बहुधा मारहाणीविषयी बोलायला आलेली नसते. ‘हल्ली त्याचे अभ्यासात लक्ष नसते’, ‘मोबाईल सुटत नाही’, ‘फार उलट बोलतो’ अशा वाक्यांनी ती सुरुवात करते आणि मनगटावरच्या हिरव्यानिळ्या डागाकडे आपली नजर गेलीच, तर ‘बाथरूममध्ये घसरले’ म्हणून साडीचा पदर पुढे ओढते. नवऱ्याने मारले असे सांगणाऱ्या बाईला निदान शब्द तरी सापडतात. कायदा, कक्ष, हेल्पलाइन आणि शेजारणीचा अनुभव असे बरेच काही गेल्या चार दशकांत त्या शब्दांभोवती उभे राहिले आहे. ‘माझा चौदा वर्षांचा मुलगा मला मारतो’ या वाक्याला मात्र आपल्याकडे रुळलेले नावसुद्धा नाही आणि ते उच्चारताच ‘संस्कार कमी पडले’ हा निकाल बाईच्या पदरात पडतो. म्हणून या कामाचा पहिला नियम असा की, सांगण्याचा भार पालकावर टाकू नये. विचारण्याचा भार व्यावसायिकाने उचलावा.

पुढील मार्गदर्शन मुख्यतः अठरा वर्षांखालील मुलांविषयी आहे. सज्ञान मुलांचा विचार शेवटाकडे वेगळा केला आहे, कारण तेथे कायदाही वेगळा आहे आणि धोकाही वेगळ्या जातीचा आहे. चिडलेल्या चार वर्षांच्या मुलाने आईला चापट मारणे किंवा परीक्षेच्या तोंडावर एखाद्या मुलीने दार आपटून घेणे म्हणजे ही हिंसा नव्हे. तेच वर्तन पुन्हा पुन्हा घडू लागते, मुलाचा चेहरा पाहून पालक आपले बोलणे बदलू लागतात आणि घरातले लहानसहान निर्णयही भीतीपोटी होऊ लागतात, तेव्हा सीमा ओलांडली गेली असे समजावे. मारहाणीबरोबरच भांडी-टीव्ही फोडणे, पैसे हिसकावणे, ‘जीव देईन’ किंवा ‘घर पेटवीन’ अशा धमक्या देणे, धाकट्या भावंडाला त्रास देऊन आई-वडिलांकडून हवे ते करून घेणे, हे सारे त्यात येते.

हा प्रश्न नवा नाही आणि मोबाईलमुळे जन्माला आलेला तर मुळीच नाही. अमेरिकेतील हार्बिन आणि मॅडन यांनी मार खाणाऱ्या पालकांविषयीचा आपला निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. जपानमध्ये ‘काटेइनाइ बोर्योकू’, म्हणजे शब्दशः ‘घरातील हिंसा’, ही संज्ञा कित्येक वर्षे प्रामुख्याने मुलांनी आई-वडिलांवर केलेल्या हिंसेसाठीच वापरली जात होती. लंडनच्या पोलिसांकडे २००९-१० या एका वर्षात १३ ते १९ वयाच्या मुलांनी पालकांवर केलेल्या हिंसेच्या १,८९२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. त्यांतील संशयितांपैकी ८७ टक्के मुलगे आणि पीडितांपैकी ७७ टक्के स्त्रिया होत्या, असे रेचेल कॉन्ड्री आणि कॅरोलाइन माइल्स यांच्या अभ्यासात आढळले. हे आकडे पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या घटनांचे आहेत हे विसरू नये. मुलीने आईला मारल्याची तक्रार घेऊन कोणी सहसा ठाण्यात जात नाही. तरीही आपल्या टेबलासमोर आई एकटीच का येते आणि वडील ‘कामावर’ का असतात, याचा काही अर्थ त्यांतून लागतो.

विचारावे कसे

आई आणि मूल यांना एकत्र बसवून या विषयाला हात घालू नये. मुलासमोर आई खरे सांगणार नाही आणि सांगितलेच, तर त्याची किंमत तिला त्या रात्री घरी मोजावी लागेल. उमेदवारीच्या काळात माझ्या हातून हीच चूक झाली होती. प्रश्न विचारताच आईने आधी मुलाकडे पाहिले आणि मग मला उत्तर दिले, तेव्हा ती माझ्या लक्षात आली. त्यामुळे पालकाची भेट स्वतंत्र घ्यावी. मुलाला संशय येणार नाही असे निमित्त ठेवावे, जसे शाळेत पालकसभेची चिठ्ठी किंवा दवाखान्यात रक्तदाब तपासणी, आणि फोन करायचा झाल्यास मूल क्लासला गेलेले असेल अशी वेळ आधीच विचारून घ्यावी.

‘मुलगा तुम्हाला मारतो का?’ हा प्रश्न पहिल्या दमात विचारल्यास ‘नाही’ हेच उत्तर येते, कारण ‘मारतो’ या शब्दातच घराची अब्रू अडकलेली असते. त्याऐवजी पायऱ्या कराव्यात : ‘त्याला राग आला की घरात काय काय होते?’, ‘त्या वेळी तुम्ही कुठे उभ्या असता?’, ‘त्याला नाही म्हणणे तुम्ही कधीपासून सोडले?’, ‘तुम्हाला त्याची भीती वाटते का, ताई?’ यांपैकी तिसऱ्या प्रश्नावर पुष्कळ आया थांबतात, कारण असे काही आपण सोडून दिले आहे हे त्यांनी स्वतःशीही कबूल केलेले नसते. वडिलांशी बोलताना लाज आणखी जाड असते. धडधाकट पुरुषाने पोराचा मार खाल्ला हे तो सांगणार नाही. ‘मीच हात आवरला, नाहीतर त्याला कुठे लागले असते’ अशा वाक्यातून ते ओळखावे लागते.

आईचे सांगून झाल्यावर आपण पहिले वाक्य काय बोलावे, हे आधीच ठरवून ठेवावे, कारण त्या क्षणी तोंडून सहज निघून जाणारी वाक्ये घातक असतात. ‘लहानपणी लाड जास्त झाले असतील’, ‘वय आहे, निघून जाईल’, ‘वडिलांनी दोन ठेवून द्यायला हव्या होत्या’ ही तिन्ही वाक्ये आई सासर-माहेरच्या तोंडून अगोदरच ऐकून आलेली असते. ‘हे तुम्ही सांगितलेत ते बरे केलेत, असे घडणारे तुमचे एकटीचे घर नाही, आज आपण आधी तुम्ही आणि बाकीची माणसे सुरक्षित कशी राहतील ते पाहू’ एवढे पुरे असते. कारणांची चौकशी नंतर करावी.

पहिल्याच भेटीत धोका मोजावा

कारणमीमांसेला आठवडे लागतील, पण धोक्याचा अंदाज त्याच दिवशी घ्यावा लागतो. शेवटची घटना कधी घडली, त्याआधीची कधी, आणि दोन घटनांतले अंतर कमी होत आहे का, हे विचारावे. गळा दाबला होता का, चाकू, कोयता, रॉकेल किंवा फरशी पुसण्याचे ॲसिड हाताशी घेतले होते का, डोक्याला मार लागला होता का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. गळा दाबण्याच्या घटनेत वरून खूण दिसत नसली तरी वैद्यकीय तपासणी टाळू नये. घरात लहान भावंड, अंथरुणाला खिळलेली आजी किंवा गरोदर स्त्री असल्यास धोक्याची पातळी वरची धरावी. मुलाने आत्महत्येची धमकी दिली असेल, तर ‘नाटक करतो’ हे घरच्यांचे मत नोंदवावे, पण स्वीकारू नये. पालकांना धाकात ठेवण्यासाठी दिलेली धमकीसुद्धा खरी ठरू शकते आणि हिंसा करणारे मूल त्याच वेळी खोल निराशेतही असू शकते.

यानंतर सुरक्षेची योजना आईच्याच शब्दांत लिहून काढावी. भांडण पेटू लागले की स्वयंपाकघरात थांबू नये, कारण घरातली सर्व हत्यारे तेथेच असतात. सुऱ्या, विळी, औषधे आणि ज्वलनशील पदार्थ कुलपात किंवा शेजारी ठेवावेत. दाराच्या बाजूला राहावे. धाकट्या मुलांना कोणत्या घरी धावत जायचे ते शिकवून ठेवावे. एका विश्वासू शेजाऱ्याशी खुणेचा शब्द ठरवावा. ‘साखर आहे का?’ असा फोन आला की त्याने दार वाजवायचे, एवढे साधे काही चालते. प्राण संकटात असल्यास ११२ क्रमांकावर फोन करायचा, आणि तो कोणी करायचा हे आधीच ठरलेले असावे. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन पालकांनाही वापरता येते. टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी बोलता येते.

एक सूचना मी प्रत्येक पालकाला देतो, आणि तिला सर्वांत जास्त विरोध होतो : मुलाच्या हातातला मोबाईल त्या क्षणी हिसकावून घेऊ नये. मोबाईलवर मर्यादा घालायला हवी, यात वाद नाही. पण रात्री साडेअकरा वाजता, दोघेही संतापलेले असताना आणि वन रूम किचनमध्ये मागे सरायला जागा नसताना ती घातली, तर पुढची दहा मिनिटे कोणाच्याच हातात राहत नाहीत. वाय-फायची वेळ, डेटा पॅक, चार्जर रात्री कोणाकडे राहील, हे सारे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवता येते.

मुलाशी बोलताना

मुलाची भेटही स्वतंत्रच घ्यावी आणि ती आरोपपत्र वाचून सुरू करू नये. आईने आपल्याला काय सांगितले ते उघड न करता ‘घरात वाद फार होतात असे दिसते, तुझ्या बाजूने ते कसे दिसतात?’ असे विचारावे. येथे दोन गोष्टी एकाच वेळी धरून ठेवाव्या लागतात. पहिली, हिंसा चुकीची आहे आणि तिची जबाबदारी करणाऱ्याची आहे. दुसरी, या मुलाच्या बाबतीतही काही घडून गेलेले असू शकते. वडील आईला मारताना पाहत मोठे झालेले मूल, स्वतः मार खात मोठे झालेले मूल, कोटा-लातूरच्या क्लासमधून हरून परत आलेले मूल, शाळेत रोज छळ सोसणारे मूल, अशी कितीतरी उत्तरे या भेटीत मिळतात. लैंगिक अत्याचार झाल्याचे मुलाने सांगितल्यास पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणे बंधनकारक आहे. ‘आधी घरच्यांशी बोलून पाहू’ असा विचार येथे करता येत नाही. वडिलांवर हात उचलणाऱ्या मुलीच्या बाबतीत हा प्रश्न मनात ठेवल्याशिवाय भेट संपवू नये.

हिंसा कोणत्या जातीची आहे हे ओळखण्यासाठी मी साधे प्रश्न वापरतो. तो शिक्षकांवर, मित्रांवर, रिक्षावाल्यावर असाच धावून जातो का? फोडतो तेव्हा स्वतःच्या वस्तू फोडतो की आईच्या? वडील घरात असताना हे घडते का? बाहेर सर्वांशी नीट वागणारा, आईचाच फोन आपटणारा आणि वडिलांची दुचाकी अंगणात लागली की गप्प होणारा मुलगा स्वतःला आवरू शकतो, असे समजायला जागा असते. त्याच्याबाबतीत घरातल्या सत्तेचा विचार करावा लागतो. याउलट मिक्सरच्या आवाजाने, अचानक बदललेल्या बेताने किंवा गर्दीने बिथरून समोर येईल त्याला मारणाऱ्या स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाच्या बाबतीत ‘वर्चस्व’ हा शब्दच गैरलागू असतो. तेथे उद्दीपन कमी करणे, दिनक्रम ठरवणे आणि बालविकास तज्ज्ञाचा सल्ला हे उपाय असतात. काही महिन्यांत स्वभाव पालटलेला, रात्र रात्र जागणारा, ‘तुम्ही जेवणात काहीतरी घालता’ असे म्हणून आईवर धावणारा सतरा वर्षांचा मुलगा समुपदेशनाच्या खोलीत नव्हे, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे आणि तोही याच आठवड्यात पोहोचला पाहिजे. व्हाइटनर, गांजा, गोळ्या किंवा दारू यांविषयी स्वतंत्रपणे विचारावे. पैशांच्या मागणीवरून होणारी मारहाण हे त्याचे ठळक लक्षण असते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि पुण्यातील मुक्तांगणसारख्या, १९८६ पासून काम करणाऱ्या केंद्रांना कुटुंबाबरोबर काम करण्याचा अनुभव आहे.

मनोरुग्णालयात दाखल करण्याची वेळ आल्यास मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ लागू होतो. त्याच्या कलम ८७ नुसार अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यानंतर दाखल करता येते, त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते आणि नामनिर्देशित प्रतिनिधी (म्हणजे सहसा पालकच) किंवा त्याने नेमलेली व्यक्ती त्याच्याबरोबर राहते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग हा पहिला टप्पा आणि ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये हा पुढचा टप्पा समजावा. ‘मुलाला धडा शिकवा, चार दिवस आत ठेवा’ अशी विनंती घेऊन आलेल्या पालकांना हा कायदा त्यासाठी नाही हे समजावून सांगावे लागते, आणि ते सांगताना त्यांच्या थकव्याचा अपमान होऊ देऊ नये.

पोलीस ठाण्यात प्रकरण आल्यावर

पोलिसांना बोलावणे हा आईच्या दृष्टीने सर्वांत जड निर्णय असतो. पोराचे आयुष्य बरबाद होईल, या भीतीने ती तो शेवटपर्यंत टाळते. म्हणून कायदा प्रत्यक्षात काय करतो, हे समुपदेशकाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात कलम २१ प्रमाणे मुलाच्या समजेची परिपक्वता पाहिली जाते. अठरा वर्षांखालील सर्व मुलांना बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ लागू होतो. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी आणि प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असावे, अशी तरतूद कलम १०७ मध्ये आहे. २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे कृत्य अतिगंभीर स्वरूपाचे नसेल आणि त्यात प्रौढ व्यक्ती सामील नसेल, तर मुलावर एफआयआर दाखल होत नाही. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते, मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार होतो आणि तो बाल न्याय मंडळाकडे जातो. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि ताब्यात घेतल्यास २४ तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते. मंडळ कलम १८ अन्वये समज देऊन घरी पाठवू शकते, मुलाचे आणि पालकांचे समुपदेशन, सामुदायिक सेवा किंवा परिविक्षा अधिकाऱ्याची (प्रोबेशन ऑफिसरची) देखरेख ठरवू शकते. कलम ७४ मुळे मुलाचे नाव, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे आणि कलम २४ मुळे सर्वसाधारणपणे त्याच्यावर पुढील आयुष्यात अपात्रतेचा शिक्का बसत नाही. हे सारे आईला शांतपणे सांगितले की ११२ हा क्रमांक तिच्यासाठी वापरण्याजोगा होतो.

ठाण्यात प्रत्यक्षात मात्र दुसरेच दोन प्रकार घडतात. एक म्हणजे ‘घरचे भांडण आहे, घरी मिटवा’ म्हणून परत पाठवणे. दुसरा म्हणजे साहेबांनी मुलाला दरडावून, क्वचित दोन लगावून, सर्वांसमोर आईच्या पाया पडायला लावणे. दुसऱ्या प्रकारात सर्वांना काहीतरी झाल्यासारखे वाटते. आईचे डोळे भरून येतात, हवालदार चहा मागवतो. पण मोठा माणूस मारू शकतो म्हणून लहानाने ऐकायचे, हा धडा त्या मुलाला येथे पुन्हा एकदा मिळालेला असतो, आणि अपमानाचा हिशेब घरी पूर्ण केला जातो. त्याऐवजी बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने साध्या वेशात बोलावे, घटना नोंदवावी, आई आज रात्री कोठे झोपणार आहे हे विचारावे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावे.

गुन्हा नोंदवायचा नाही पण मदत हवी आहे, अशा आईसाठी पोलीस ठाण्यांच्या आवारातले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष उपयोगी पडतात. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला हा प्रयोग आता राज्यभर पसरला आहे आणि तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. काही शहरांत पोलिसांनीच पीडितांच्या मदतीसाठी उघडलेल्या ‘भरोसा सेल’लाही असेच काम करता येते. नवऱ्याच्या हिंसेसाठी उभारलेल्या या यंत्रणेने मुलाच्या हिंसेची तक्रार ‘आमच्यात बसत नाही’ म्हणून परतवून लावू नये, एवढी अपेक्षा आहे.

घरात काय बदलायचे

या विषयावर काम करणाऱ्या पद्धतींपैकी आपल्या मातीला जवळची वाटावी अशी पद्धत इस्रायलमधील मानसशास्त्रज्ञ हाइम ओमेर यांनी मांडली. तिचे नाव ‘अहिंसक प्रतिकार’ असे आहे आणि ती उघडपणे गांधीजींच्या सत्याग्रहातून प्रेरणा घेते. तिच्या मुळाशी असलेला विचार असा की, पालकांनी शरणही जाऊ नये आणि उलट मारूही नये. त्यांनी हटू नये. मुलाला ताब्यात आणणे हे उद्दिष्ट नसते, आपण स्वतः कसे वागणार हे पालक ठरवतात.

व्यवहारात याची सुरुवात घोषणेने होते. दोन्ही पालक, किंवा एकटी आई, शांत वेळी मुलाला थोडक्यात आणि शक्यतो लिहून सांगतात : ‘या घरात मारणे आणि फोडणे आम्ही यापुढे सहन करणार नाही. आम्ही तुला मारणार नाही, घराबाहेर काढणार नाही. पण हे गुपित ठेवणार नाही. मामा, आत्या आणि तुझे सर यांना सांगितले आहे.’ या मजकुरावर आईबरोबर एक पूर्ण भेट खर्च करावी. त्यात टोमणा, जुना हिशेब आणि अट नसावी. मूल कागद फाडून टाकेल, फाडू द्यावा.

दुसरी गोष्ट म्हणजे मदतनीसांचे वर्तुळ. मला या पद्धतीचा गाभा हाच वाटतो, कारण घरातली हिंसा गुप्ततेवर जगते. पाच-सहा माणसे निवडावीत : मामा, थोरली चुलत बहीण, कबड्डीचे प्रशिक्षक, गणेश मंडळातला मुलाला आवडणारा एखादा दादा. त्यांनी दम द्यायचा नसतो. ‘काल जे झाले ते मला समजले. तू मला आवडतोस, आणि आईला मारणे बंद व्हायला हवे. मदत लागली तर मी आहे’ एवढेच त्यांनी फोनवर किंवा भेटून सांगायचे. मदतनीस निवडताना गप्पिष्ट नातेवाईक टाळावेत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचलेली गोष्ट मदत राहत नाही. आजीला विश्वासात घेणे बहुतेक घरांत अपरिहार्य असते, कारण नातवाच्या बाजूने उभी राहणारी आणि सुनेला दोष देणारी आजी बाहेर राहिली, तर घोषणा संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. तिच्याशी समुपदेशकाने स्वतः, मान ठेवून बोलावे.

तिसरी गोष्ट, तवा तापलेला असताना बोलू नये. घटना घडत असताना फक्त सुरक्षितता पाहावी, आणि एक-दोन दिवसांनी, सगळे निवल्यावर, विषयाकडे परत यावे. ओमेर यांच्या पद्धतीत पालक मुलाच्या खोलीत जाऊन शांतपणे बसतात, ‘हे पुन्हा घडू नये यासाठी तू काय सुचवतोस याची आम्ही वाट पाहतो’ असे सांगतात आणि चिडवले तरी वाद न घालता काही काळ तेथेच थांबतात. आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत मुलाला वेगळी खोली नसते, हे परदेशी प्रशिक्षण-पुस्तिकांच्या ध्यानातही आलेले नसते. चाळीतल्या किंवा वस्तीतल्या घरात ही बैठक मामाच्या घरी, शाळेच्या रिकाम्या वर्गात किंवा रविवारी सकाळी देवळाच्या ओट्यावर घेता येते. मुलाच्या हाती शस्त्र येण्याचा इतिहास असेल, तीव्र मनोविकाराची शंका असेल किंवा वडील स्वतः मारणारे असतील, तर ही बैठक घेऊ नये. शेवटच्या प्रकारात आधी वडिलांची हिंसा थांबवावी लागते. आईला दोघांकडून मार बसत असताना मुलाशी सत्याग्रह करण्याचा सल्ला देणे क्रूरपणाचे आहे.

या काळात पालकांनी प्रेमाच्या लहान कृती थांबवू नयेत. डब्यात आवडती भाजी देणे, सामना पाहायला जवळ बसणे हे बक्षीस म्हणून नव्हे, विनाअट चालू ठेवावे. फोडलेल्या वस्तूची भरपाई मात्र करून घ्यावी. खिशातल्या पैशांतून, किंवा सुताराबरोबर बसून दार दुरुस्त करण्याच्या रूपात. अशा दुरुस्तीत मुलाचा मान राखला जातो, जे ठाण्यात पाया पडण्यात होत नाही.

नोंदी आणि आपसांतला समन्वय

‘मुलगा हिंसक आहे’ अशी नोंद कोणाच्याही उपयोगाची नसते. तारीख, वेळ, कोणी काय केले, कोणत्या अवयवावर काय दिसले, त्याआधी काय घडले आणि नंतर कोणी काय केले, हे लिहावे. बोललेले शब्द अवतरणात ठेवावेत. डॉक्टरांनी जखमेची नोंद सांगितलेल्या कारणासह आणि स्वतःच्या निरीक्षणासह करावी, आणि दोन्ही जुळत नसल्यास तसे लिहावे. शाळेने माहिती मुख्याध्यापक, समुपदेशक आणि वर्गशिक्षक यांच्यापुरती ठेवावी. मुलाला शाळा सोडल्याचा दाखला हातात देऊन प्रश्न संपवण्याचा मोह अनेक शाळांना होतो. त्याने घरातल्या आईचे आणखी सहा तास धोक्यात जातात, एवढेच होते. शाळा, रुग्णालय, ठाणे आणि बाल संरक्षण कक्ष यांपैकी एकाने प्रकरणाचा मुख्य समन्वयक व्हावे आणि आईला त्याचाच एक क्रमांक द्यावा. तीच कहाणी पाच टेबलांवर सांगायला लावली, तर सहाव्या टेबलापर्यंत ती येत नाही.

मुलाचे वय अठराच्या पुढे असल्यास

सज्ञान मुलगा किंवा मुलगी मारत असेल, तर वरील बाल न्यायाची चौकट संपते. आईला कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून संरक्षणाचा आणि निवासाचा आदेश मागता येतो. या कायद्यातील ‘प्रतिवादी’च्या व्याख्येतील ‘सज्ञान पुरुष’ हे शब्द सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हिरल हरसोरा प्रकरणात रद्द केले, त्यामुळे मुलीविरुद्धही अर्ज होऊ शकतो. वडिलांना या कायद्याचा आधार नाही. त्यांच्यासाठी, आणि दोघांसाठीही, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ आहे. उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे ज्यांना आपण प्रांत म्हणतो त्यांच्या, न्यायाधिकरणापुढे साध्या अर्जाने दाद मागता येते. निर्वाहासाठी आई-वडिलांना साठीची अट नाही, मात्र अर्ज अल्पवयीन मुलाविरुद्ध करता येत नाही. वृद्धांच्या संरक्षणासाठी आवश्यक असेल तेथे न्यायाधिकरण घर सोडण्याचा आदेशही देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एस. वनिता प्रकरणात म्हटले, पण सुनेचा निवासाचा हक्क त्याने आपोआप संपत नाही हेही त्याच निकालात आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. साधी दुखापत अदखलपात्र असल्याने ठाण्यात ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून परत पाठवले जाते. तरी ती नोंद आग्रहाने करून तिची प्रत घ्यावी, कारण पुढच्या प्रत्येक अर्जात ती लागते.

पाठपुरावा

पहिले दोन-तीन आठवडे हिंसा वाढू शकते, हे आईला आधीच सांगून ठेवावे. जुनी पद्धत चालेनाशी झाली की मूल ती अधिक जोराने वापरून पाहते, आणि याच टप्प्यावर बहुतेक घरे ‘काही उपयोग नाही’ म्हणून माघार घेतात. या काळात आठवड्यातून दोनदा फोन, नंतर पंधरवड्याला भेट, आणि शांतता आल्यावरही सहा महिने महिन्यातून एकदा चौकशी असा क्रम ठेवावा. परीक्षेचे निकाल, गणपती-दिवाळीतली पाहुण्यांची गर्दी आणि मे महिन्याची सुट्टी या काळात स्वतःहून फोन करावा. धाकट्या भावंडाला एकदा तरी स्वतंत्र भेटावे. त्याने काय पाहिले आणि तो स्वतः आईशी कसा बोलू लागला आहे, हे कोणी विचारलेले नसते. प्रकरण बंद करण्यापूर्वी मारहाण थांबली का, एवढेच विचारून भागत नाही, कारण आईने सगळ्याला होकार द्यायला सुरुवात केली तरीही मारहाण थांबते. गेल्या महिन्यात तिने मुलाला कशासाठी ‘नाही’ म्हटले आणि त्यानंतर त्या रात्री काय झाले, याचे उत्तर फाईलच्या शेवटच्या पानावर लिहावे.